डायलिसिस चालू असताना रक्त चढवणे: नमुना घेण्यापासून पुढच्या सेशनच्या हिमोग्लोबिनपर्यंत

वॉर्डात रक्त चढवताना पेशंटला थंडी वाजली, बीपी उतरलं किंवा पाठ दुखू लागली, तर पहिला संशय रक्तावर जातो आणि पिशवी बंद होते. डायलिसिसच्या खुर्चीवर हीच लक्षणं इतर दिवशीही दिसतात. पाणी जोरात काढलं की बीपी पडतं, नव्या डायलायझरने (मशीनमधल्या रक्त गाळणाऱ्या फिल्टरने) छातीत आणि पाठीत दुखतं, कॅथेटरमध्ये (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीत) जंतुसंसर्ग असला की सेशन सुरू होताच हुडहुडी भरते. त्यामुळे रक्ताची रिअ‍ॅक्शन 'नेहमीचंच आहे' म्हणून सुटून जाण्याची जागा हीच. यावरचा उपाय बराचसा वेळापत्रकात आहे. कोणती गोष्ट कधी सुरू करायची हे नीट आखलं, तर कोणतं लक्षण कशामुळे आलं याचा अंदाज बांधता येतो.

आधी एक प्रश्न: रक्त लागणारच आहे का?

आदेश डॉक्टरांचा असतो, पण पेशंट आठवड्यातून तीनदा ज्यांच्यासमोर येतो त्या नर्सला पुष्कळ गोष्टी आधी दिसतात. लाल पेशी वाढवणारं इंजेक्शन एरिथ्रोपोएटिन चुकलं आहे का, शिरेतून द्यायचं लोह किती दिवस दिलेलं नाही, दर सेशनला डायलायझरमध्ये रक्त गोठून वाया जातं आहे का, सुया काढल्यावर रक्त थांबायला अर्धा अर्धा तास लागतो आहे का, शौचाला काळं होतं का? ही माहिती फाइलमध्ये असेल तर कित्येक पिशव्या टळतात.

किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्या पेशंटच्या बाबतीत हा मुद्दा जास्तच गंभीर आहे. रक्त दिल्याने दात्याच्या पांढऱ्या पेशींवरील एचएलए प्रतिजनांविरुद्ध (पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्ध) पेशंटच्या शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. पांढऱ्या पेशी गाळलेलं, म्हणजे ल्युकोरिड्यूस्ड रक्त मागवल्याने हा धोका कमी होतो, पण जात नाही. म्हणून मागणीपत्रावर 'डायलिसिस पेशंट, प्रत्यारोपणाच्या यादीत' असं स्पष्ट लिहावं. स्थिर पेशंटमध्ये साधारणपणे हिमोग्लोबिन डेसिलिटरला ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावर रक्ताचा विचार होतो, हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास. साडेआठचं हिमोग्लोबिन आणि तक्रार काही नाही, अशा पेशंटसाठी आदेश आला तर 'डॉक्टर, एकदा बघता का?' एवढं विचारणं हा आगाऊपणा नाही.

नमुना: चुकीची नळी आणि ७२ तास

सुई टोचल्यावर, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि सलाइन जाण्याआधी नमुना घ्यावा. कॅथेटर असेल तर आतलं लॉकचं द्रावण आधी ओढून टाकून द्यावं आणि मग नमुना घ्यावा. नाहीतर नळीत हेपरिन मिसळतं. लेबल खुर्चीपाशी, पेशंटसमोर, नळी भरल्यानंतर लगेच लिहायचं. आधीच लेबल चिकटवलेल्या रिकाम्या नळ्या ट्रेमध्ये ठेवणं ही सगळ्यात घातक सवय. एकाच शिफ्टमध्ये आठ-दहा खुर्च्या एकदम सुरू होत असतात आणि नळ्यांची अदलाबदल व्हायला क्षण पुरतो. नळीत भलत्याच माणसाचं रक्त गेलं तर पुढच्या सगळ्या तपासण्या बिनचूक होऊनही पिशवी चुकीचीच येते. यासाठीच रक्तगटाची नोंद आधीची नसेल तर वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुना मागितला जातो. एकाच वेळी दोन नळ्या भरून एक नंतर पाठवायची, हा शॉर्टकट त्या नियमाचा हेतूच मारतो.

पेशंटला गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं असेल किंवा ती गरोदर राहिलेली असेल, तर क्रॉसमॅचचा (दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का हे पाहण्याचा) नमुना सर्वसाधारणपणे ७२ तासांपर्यंतच चालतो. डायलिसिसचं वेळापत्रक इथे आडवं येतं. सोमवारी नमुना घेऊन बुधवारी रक्त देता येतं, पण शुक्रवारी सकाळी घेतलेला नमुना सोमवारी सकाळी मुदतीच्या काठावर असतो आणि पेशंट थोडा उशिरा आला तर बादच होतो. लांब सुट्टीच्या आधी नमुना घेण्यापेक्षा सोमवारी घेऊन बुधवारी रक्त द्यावं, किंवा मुदतीबद्दल रक्तपेढीशी आधी बोलून घ्यावं.

पोटॅशियम आणि पिशवीचं वय

लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला साठवलेल्या असतात. सॅगम (लाल पेशी टिकवणाऱ्या) द्रावणातली पिशवी ४२ दिवस चालते. जसजसे दिवस जातात तसं पेशींमधलं पोटॅशियम बाहेरच्या द्रावणात झिरपतं. मुदत संपत आलेल्या एका पिशवीत सुट्या पोटॅशियमचं एकूण प्रमाण साधारण ५ ते ७ मिलीइक्विव्हॅलंट असतं. लघवी न होणाऱ्या माणसाला ते बाहेर टाकायला डायलिसिसशिवाय दुसरी वाट नाही. म्हणूनच शक्य तेव्हा रक्त डायलिसिस चालू असताना द्यायचं, आणि सेशन संपायच्या किमान अर्धा तास आधी पिशवी संपवायची, म्हणजे शेवटचा भागही धुतला जातो. इरॅडिएटेड रक्तातून पोटॅशियम अधिक वेगाने झिरपतं, त्यामुळे ते किरणोत्सर्ग दिल्यानंतर शक्य तितक्या लवकर वापरावं.

याच भीतीपोटी कुणी डायलिसेटमधलं (डायलायझरमधून फिरणाऱ्या द्रावणातलं) पोटॅशियम एकदम लिटरला १ मिलीइक्विव्हॅलंटवर आणायला सांगतं. पोटॅशियम झपाट्याने खाली आलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि अ‍ॅनिमिया असलेलं हृदय आधीच ताणाखाली असतं. दोन पिशव्यांसाठी नेहमीचं २ पोटॅशियमचं डायलिसेट बहुधा पुरतं. बदल करायचाच असेल तर त्याच दिवसाचा रिपोर्ट पाहून आणि लेखी आदेशावर.

यूएफचा (पाणी काढण्याचा) हिशेब कागदावर मांडा

रक्तपिशवीचं आकारमान सुमारे २५० ते ३५० मिली. ते पाणी काढण्याच्या उद्दिष्टात धरायचं राहिलं की पेशंट घरी जाताना जड असतो आणि रात्री धाप लागून परत येतो. उदाहरण घेऊ. ड्राय वेट (जादा पाणी नसतानाचं वजन) ५६ किलो, आजचं वजन ५८.५ किलो. म्हणजे काढायचे २५०० मिली. त्यात पिशवी ३०० मिली, ब्लड सेट धुवायला ५० मिली आणि शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाइन २५० मिली. एकूण ३१०० मिली.

चार तासांत हे काढायचं तर ताशी ७७५ मिली, म्हणजे किलोमागे ताशी जवळजवळ १३.८ मिली. किलोमागे ताशी १३ मिलीची मर्यादा ओलांडली. इथे दोन पर्याय आहेत: सेशन साडेचार तासांचं करायचं, मग वेग किलोमागे ताशी १२.३ मिलीवर येतो. किंवा थोडं पाणी पुढच्या सेशनला सोडायचं. दोन्हींचा निर्णय डॉक्टरांना विचारून. 'मशीन काढतंय ना' म्हणून ७७५ वर सोडून दिलं, तर दोन तासांनी बीपी पडणार, आणि नेमकी तेव्हा पिशवी चालू असल्याने दोष कुणाचा हे कळणार नाही.

पेशंट रक्तस्रावामुळे ड्राय वेटच्या खाली असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे रक्ताची भर काढून टाकायची नसतेच. हेपरिनशिवाय डायलिसिस चालू असेल आणि दर अर्ध्या तासाला १०० ते २०० मिली सलाइनने फ्लश करत असाल, तर तेही बेरजेत घ्या; चार तासांत ते लिटरभर सहज होतं.

पिशवी आल्यावर

रक्तपेढीतून बाहेर पडल्यापासून ३० मिनिटांत सुरू करायची आणि ४ तासांत संपवायची. पेशंट खुर्चीवर बसून, सुया लागून, मशीन स्थिर झाल्याशिवाय पिशवी मागवूच नये. युनिटमधल्या औषधांच्या फ्रिजमध्ये 'जरा वेळ' ठेवायची सोय नाही: त्याचं तापमान कुणी नोंदवत नाही. काही कारणाने सुरू करता आली नाही तर अर्ध्या तासाच्या आत परत पाठवावी. गरम पाण्यात बुडवून, नळाखाली धरून किंवा मशीनवर ठेवून पिशवी कोमट करू नये, पेशी फुटतात. थेंबांच्या वेगाने द्यायच्या रक्ताला गरम करण्याची गरजही नसते.

पिशवी उजेडात धरून पाहा. गाठी, गळती, फुगलेपणा, नेहमीपेक्षा काळपट जांभळा रंग, पेशींवरच्या द्रावणात लालसर छटा, यांपैकी काहीही दिसलं तर ती लावायची नाही.

मग ओळख. डायलिसिस युनिटमध्ये हा टप्पा घसरतो, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. वर्षानुवर्षं येणाऱ्या काकांना कोण नाव विचारणार! शिवाय बाहेरून येणाऱ्या पेशंटच्या मनगटावर पट्टी नसते, खुर्च्या बदलतात, सारख्या आडनावाची दोन माणसं एकाच शिफ्टमध्ये असतात. रक्त देण्याच्या दिवशी पट्टी बांधायचीच, हा नियम करून टाकावा. तपासणी खुर्चीपाशी, दोघींनी स्वतंत्रपणे करायची. एकीने वाचायचं आणि दुसरीने 'हो हो' म्हणायचं याला तपासणी म्हणत नाहीत. 'तुम्ही अमुक काका ना?' असं विचारलं की डुलकी लागलेला माणूस मान हलवतो. त्याऐवजी 'काका, तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा' असं म्हणायचं आणि ते पट्टी, क्रॉसमॅचचा कागद व पिशवीवरचं लेबल यांच्याशी ताडायचं. त्यानंतर हॉस्पिटल नंबर, रक्तगट, पिशवीचा क्रमांक, मुदत. एक अंक जरी जुळला नाही तरी पिशवी परत.

सर्किटला (मशीनच्या रक्तनळ्यांना) पिशवी कुठे जोडायची

युनिटचा लेखी प्रोटोकॉल जे सांगतो तेच. पण प्रत्येक जागेचा स्वभाव माहीत असावा. पंपाच्या आधीच्या सलाइन लाइनला जोडलं तर रक्त डायलायझरमधून जाऊन मग पेशंटकडे पोहोचतं, त्यामुळे पोटॅशियमचा काही भाग वाटेतच निघतो. मात्र तिथे ऋण दाब असतो. रोलर क्लॅम्प थोडा सैल राहिला तर पंप रक्त ओढून घेतो आणि थेंब मोजून लावलेल्या वेगाला अर्थ उरत नाही. पिशवी रिकामी झाल्यावर क्लॅम्प उघडा राहिला तर हवा आत येते. ती डायलायझरमध्ये अडकून रक्त गोठतं किंवा पुढे एअर डिटेक्टर मशीन थांबवतो. पिशवीत थोडं रक्त शिल्लक असतानाच क्लॅम्प लावण्याची सवय इथे उपयोगी पडते.

व्हीनस चेंबरला (डायलायझरनंतर, पेशंटकडे जाणाऱ्या नळीवरच्या कप्प्याला) जोडलं तर ऋण दाबाचा त्रास नाही, पण तिथल्या धन दाबाविरुद्ध रक्त नुसतं टांगून उतरत नाही, पंप किंवा प्रेशर बॅग लागते; आणि ते डायलायझरमधून न जाता थेट पेशंटमध्ये जातं. एअर डिटेक्टरच्या खालच्या कुठल्याही पोर्टला रक्त जोडायचं नाही. तिथे हवेपासून कुठलंच संरक्षण नाही.

ब्लड सेट १७० ते २०० मायक्रॉनच्या फिल्टरचा. त्याच्या वाटेवर ०.९ टक्के सलाइनशिवाय काहीही नाही. डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे गाठी होतात. लोह, अँटिबायोटिक, एरिथ्रोपोएटिन यांपैकी काहीही त्याच वेळी देऊ नये. औषधाची रिअ‍ॅक्शन आणि रक्ताची रिअ‍ॅक्शन वेगळी करणं मग अशक्य होतं.

डायलिसिसशिवाय, वॉर्डात रक्त द्यायची वेळ आली तर फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेला) हात पूर्ण वर्ज्य: बीपीही नाही, कॅन्युलाही नाही. दुसऱ्या हातालाही पंजाच्या मागची शीर घ्यावी. कोपर ते मनगट या भागातल्या शिरा पुढच्या फिस्टुलासाठी राखून ठेवायच्या असतात.

सुरुवात आणि वेग

सेशनच्या पहिल्या अर्ध्या तासात रक्त लावू नये, आणि याला ठोस कारण आहे. डायलायझरची तीव्र अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा पहिल्या ५ ते २० मिनिटांत येते. छातीत-पाठीत दुखण्याची सौम्य रिअ‍ॅक्शन तासाभरात. सुरुवातीची ही खिडकी शांत गेली तर पुढे येणाऱ्या लक्षणाचा संशय रक्ताकडे झुकतो. म्हणून चार तासांच्या सेशनमध्ये पहिली पिशवी ३० मिनिटांनी सुरू करून दोन तासांपर्यंत, दुसरी असेल तर तिथून साडेतीन तासांपर्यंत, असा आराखडा बसतो.

लावण्याआधी तापमान, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन. तापमानाचा आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या ३८ अंशांचा अर्थ लागत नाही. पहिली १५ मिनिटं मिनिटाला २ मिली. २० थेंबांना १ मिली होणारा सेट असेल तर मिनिटाला ४० थेंब. थेंबांचं प्रमाण सेटच्या पाकिटावर असतं, ते वाचावं. या वेळात नर्सने खुर्चीपाशीच थांबायचं. शेजारच्या मशीनचा अलार्म दुसरीने बघायचा, आणि हे आधी ठरलेलं असावं. रक्तगट चुकला असेल तर थोड्याशा मिलीनंतरच लक्षणं दिसू लागतात. तेव्हा थांबवलं तर नुकसान मर्यादित राहतं. १५ मिनिटांनी पुन्हा सगळं मोजायचं, ठीक असेल तर उरलेलं २७० मिली ७५ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला साधारण ७२ थेंब. त्यानंतर दर अर्ध्या तासाला मोजमाप. व्हीनस प्रेशरवर नजर हवी, कारण रक्त दाट होत जातं तसं डायलायझरमध्ये गोठण्याची शक्यता वाढते. रक्ताचं सापेक्ष आकारमान दाखवणारा मॉनिटर असेल तर रक्त चालू असताना त्याचा आलेख फसवतो. त्यावरून यूएफ वाढवू नये.

आधीपासून पॅरासिटामॉल देऊन ठेवण्याची पद्धत सरसकट नको. ताप दबतो, आणि ताप ही आपल्याला हवी असलेली खूण आहे.

डायलिसिसमध्ये झाकल्या जाणाऱ्या खुणा

रक्तगट न जुळल्याची पुस्तकातली मोठी खूण म्हणजे लाल-काळी लघवी. ज्याला लघवीच होत नाही त्याच्यात ती दिसणार कशी? डायलिसेट ३५.५ अंशांवर ठेवलं असेल तर ताप उशिरा चढतो. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी वाढत नाही. म्हणून इतर गोष्टींना महत्त्व: सुईच्या शिरेत जळजळ, कंबरेत अचानक कळ, 'काहीतरी वाईट होणार' असं पेशंटने म्हणणं, सुईभोवतून झिरपणारं रक्त, आणि व्हीनस लाइनमधल्या रक्ताचा रंग. पेशी फुटल्या की ते काळपट लाल पण आरपार दिसण्याइतकं पातळ वाटतं. पांढऱ्या गॉजसमोर नळी धरली की फरक लगेच कळतो.

हा रंग मशीनच्या दोषानेही येतो: डायलिसेट ४२ अंशांच्या वर तापलं, त्याची कंडक्टिव्हिटी (क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा) घसरली, पाण्यात क्लोरामाइन राहिलं, किंवा ब्लडलाइनला पीळ पडला. म्हणून पिशवी बंद करतानाच मशीनचं तापमान, कंडक्टिव्हिटी आणि लाइनवरही एक नजर टाकायची. त्याच शिफ्टमध्ये इतर पेशंटनाही तसंच होत असेल तर संशय पाण्यावर, पिशवीवर नाही.

रिअ‍ॅक्शन आली तर, क्रमाने

१. रक्ताचा क्लॅम्प लगेच बंद. पिशवी आणि सेट सर्किटपासून वेगळे करून टोकाला टोपी लावा, फेकू नका.

२. यूएफ कमीत कमी, ब्लड पंप मंद. बीपी पडलं असेल तर पाय वर, १०० ते २०० मिली सलाइन. धाप आणि फुप्फुसात पाणी असेल तर सलाइन नको. बसतं करा, ऑक्सिजन द्या आणि यूएफबद्दल डॉक्टरांना विचारा.

३. डॉक्टरांना बोलवा आणि तोवर नाव, नंबर, पिशवीचं लेबल पुन्हा ताडून बघा. चूक सापडली तर रक्तपेढीला त्याच मिनिटाला कळवा, कारण दुसरी पिशवी दुसऱ्या कुणाला लागत असू शकते.

४. चेहरा सुजणं, घरघर, बीपी कोसळणं दिसलं तर मांडीत अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिलीग्रॅम, १:१००० ताकदीचं अर्धा मिली, हा प्रौढांचा डोस. हेपरिन चालू आहे म्हणून स्नायूत सुई टोचायला कचरू नये. उशीर जास्त महागात पडतो.

५. पेशी फुटल्याचा किंवा रक्तगट चुकल्याचा संशय असेल तर सर्किटमधलं रक्त पेशंटला परत देऊ नका. दोन्ही लाइन क्लॅम्प करा. त्या रक्तात सुटं हिमोग्लोबिन आणि भरपूर पोटॅशियम असतं. ईसीजी लावा, पोटॅशियमसाठी नव्या सर्किटवर पुन्हा डायलिसिस लागू शकतं.

६. फिस्टुला नसलेल्या हातातून ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) आणि साध्या नळीत नमुने, ताप असेल तर ब्लड कल्चर. पिशवी, सेट, नमुने आणि भरलेला फॉर्म एकत्र रक्तपेढीकडे.

नुसतं अंगावर पित्त उठलं, बाकी सगळं ठीक असेल, तर थांबवून अँटिहिस्टामिन देऊन, लक्षणं गेल्यावर डॉक्टरांच्या आदेशाने तीच पिशवी हळू सुरू करता येते. तापमान १ अंशाने वाढून ३८ च्या वर गेलं तर तसं नाही. डायलिसिस कॅथेटर असलेल्या पेशंटचा ताप कॅथेटरमुळे असू शकतो, तरी आधी रक्ताची रिअ‍ॅक्शन नाकारली गेली पाहिजे.

संपल्यानंतर

वेळ, दिलेलं आकारमान, शेवटचं मोजमाप आणि पिशवीचा क्रमांक नोंदवा. डायलिसिसनंतरचं वजन घेतल्याशिवाय पेशंटला सोडू नका. रक्तामुळे येणारी धाप पुढच्या १२ तासांतही येऊ शकते; 'रात्री आडवं पडता येईना तर थांबू नका, या' हे पेशंटला आणि सोबत आलेल्यालाही सांगा.

हिमोग्लोबिन सेशन संपताच तपासण्यात अर्थ नाही. पाणी काढल्याने रक्त दाट झालेलं असतं आणि आकडा उगाच चांगला दिसतो. पुढच्या सेशनला, सुई लावल्या लावल्या तपासा. एका पिशवीला साधारण १ ग्रॅमची वाढ अपेक्षित. ती आलीच नाही, किंवा आली आणि आठ-दहा दिवसांत उतरली, डोळे पिवळे दिसू लागले, तर उशिरा होणाऱ्या हिमोलिसिसचा (लाल पेशी फुटण्याचा) विचार व्हावा. तो बहुधा ३ ते १४ दिवसांत होतो आणि तोवर पेशंट आणखी तीन-चारदा खुर्चीवर येऊन गेलेला असतो. रक्त दिल्यानंतरच्या दोन आठवड्यांसाठी डायलिसिस शीटवर 'रक्त दिल्याची तारीख' असा एक रकाना ठेवला, तर कोणत्याही शिफ्टच्या नर्सला तो दिसतो आणि पुढच्या क्रॉसमॅचच्या कागदावर ती तारीख आपोआप जाते.